चौथ्या मजल्यावरची गाय

शाळेत बाईंनी सगळ्या वर्गाला विचारलं, "तुमच्या घरी काय पाळतात?" कोणी कुत्रा सांगितला, कोणी पोपट. एकाच्या घरी म्हणे ससा होता आणि तो गृहपाठाच्या वह्या खायचा. आमच्या माऊची पाळी आली तेव्हा ती उभी राहिली आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "पथ्य."

वर्ग हसला. बाईसुद्धा हसल्या. यात हसण्यासारखं काय आहे ते माऊला कळेना, कारण आमच्या घरी खरोखरच तेवढं एकच पाळलं जातं आणि ते जिवापाड पाळलं जातं. तिनं घरी येऊन हे सगळं आईला सांगितलं आणि शेवटी विचारलं, "पथ्य पाळलं तर चालतं, मग ससा का नाही चालत?" मी तेव्हा बाथरूममध्ये दाढी करत होतो. तोंडाला फेस असताना माणसाला उत्तर द्यावं लागत नाही, म्हणून मी पुन्हा एकदा साबण लावला.

आमच्या घरची परिस्थिती आधी सांगितली पाहिजे. माऊला शिंका येतात. एक सुरू झाली की मागून तिची सगळी भावंडं येतात आणि मग छातीत शिट्टी वाजायला लागते. धाकटा पिल्लू शिंकत नाही, त्याच्या अंगावर गांधी उठतात. म्हणजे ज्या मुलीला आम्ही लाडानं माऊ म्हणतो तिला मांजर चालत नाही आणि ज्याला पिल्लू म्हणतो त्याला कसलंच पिल्लू चालत नाही. नावं ठेवताना हे कोणाला ठाऊक होतं? घरात पडदे नाहीत, गालिचा नाही, उशांना चेन लावलेले अभ्रे आहेत. बैठकीच्या कोपऱ्यात हवेतला ओलावा शोषणारं एक यंत्र दिवसभर घुरघुरत असतं, कारण ओल आली की बुरशी आली आणि बुरशी आली की शिट्टी आली. त्या यंत्राच्या ट्रेमध्ये साठलेलं पाणी पिल्लू रोज ओततो. "आज यानं भरपूर दिलं," असं तो मला येऊन सांगतो. बापाचं काळीज तुटायला आणखी काय लागतं?

मी चष्म्याचं दुकान चालवतो. दुकानावर मी स्वतः 'दृष्टितज्ज्ञ' असं लिहून घेतलं आहे, पण आमच्या इमारतीतली माणसं वाचत नसावीत, कारण सगळे मला 'चष्मेवाले' म्हणतात. बायको टेलिफोन कंपनीत तक्रारी ऐकायला बसते. दिवसभर लोकांचं ओरडणं ऐकून तिचा आवाज इतका थंड आणि गोड झाला आहे की घरी तिनं "तुमची अडचण मी समजू शकते" असं म्हटलं, की माझा विषय कायमचा बंद झाला असं मी समजतो.

तर या पथ्यप्रकरणानंतर काही दिवसांनी माऊची ॲलर्जीची तपासणी होती. हातावर औषधांचे ठिपके देतात, प्रत्येक ठिपक्यावर बारीक टोचतात आणि कुठला ठिपका फुगतो ते बघत बसतात. माऊ खुर्चीत ताठ बसली होती, पण तिची हनुवटी हलायला लागली होती. ती हनुवटी मला बघवेना. मी पटकन बोलून गेलो, "माऊ, रडली नाहीस ना, तर आपण एक प्राणी पाळू. शब्द दिला."

ती रडली नाही. एकदाही नाही. सुई टोचत असताना ती माझ्याकडे बघत होती आणि मी डॉक्टरांच्या भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होतो.

ठिपके मात्र एकापेक्षा एक फुगले. डॉक्टर आनंदानं एकेक दाखवू लागले, "हे मांजर. हा कुत्रा. ही पिसं. हा ससा. हा उंदीर, हा घोडा."

"घोडा आम्ही तसाही आणणार नव्हतो," मी म्हणालो.

"आणूच नका," डॉक्टर म्हणाले.

रस्त्यात माऊनं माझं बोट धरलं आणि विचारलं, "बाबा, आता तू शब्द पाळणार ना?" पाळणार म्हणालो. आमच्या भाषेत हे एकच क्रियापद इतक्या ठिकाणी कामाला लावलं आहे की माणूस कधी ना कधी त्यात अडकतोच.

बातमी इमारतीत पसरायला वेळ लागला नाही. समोरच्या काकू त्याच संध्याकाळी आल्या. काकूंचा स्वभाव परोपकारी आहे, म्हणजे त्या दुसऱ्याच्या घरातल्या अडचणीवर बसल्या बसल्या तोडगा काढतात आणि तो तोडगा चुकला की आपल्या घरी निघून जातात. "केसांचाच त्रास ना? मग कुत्रा आणायचा आणि दर आठवड्याला त्याची हजामत करायची," त्या म्हणाल्या. खालच्या मजल्यावरचे निवृत्त इंजिनियर जिन्यात भेटले तेव्हा त्यांनी मासे सुचवले. मासे पाण्यात, केस नाहीत, आवाज नाही, अगदी शास्त्रशुद्ध. आम्ही मासे आणले. पिल्लूनं त्यांना कोरड्या खाद्याची चिमूट घातली आणि पंधरवडाभर लपून बसलेल्या गांधी त्याच्या कोपरापर्यंत चढल्या. डोळे तर इतके सुजले की त्याला मासे दिसेनात. मासे माझ्या दुकानासमोरच्या दातांच्या डॉक्टरांनी नेले. आता ते तिथे बाहेर बसलेल्या लोकांकडे तोंड उघडं टाकून बघत असतात आणि लोक त्यांच्याकडे तसंच बघतात.

शेवटी आम्ही चौघं तोंडाला मास्क लावून प्राण्यांच्या दुकानाच्या दाराशी उभे राहिलो. आत जायची सोय नव्हती, आत पिसं होती. दुकानदारानं आम्हाला बघून आधी गल्ल्यावर हात ठेवला. मग मी सगळी हकिगत सांगितली. केस नको, पिसं नको, कोरडं खाद्य नको, वास नको, आणि सांभाळायला सोपा हवा.

"मग फोटो लावा ना," तो म्हणाला. पण माऊचे डोळे बघून तो जरा वरमला असावा. त्यानं आधी एक कासव दाखवलं आणि हे तुमच्यानंतरही राहील असं कौतुकानं सांगितलं. त्यासाठी तीन खात्यांचे परवाने लागतात हे ऐकून माझ्यानंतरच ते येईल असं मला वाटलं. मग त्यानं एका बरणीतल्या काड्या दाखवल्या. त्या काड्या नव्हत्या, काडीसारखे दिसणारे किडे होते. बायको ठामपणे म्हणाली, "घर झाडताना मी काय झाडतेय ते मला कळलं पाहिजे."

तेवढ्यात माऊनं दाराजवळच्या खोक्याकडे बोट दाखवलं. सशांसाठी आणलेल्या पाल्याच्या जुडीवर एक गोगलगाय बसली होती. तपकिरी शंख, त्यावर एक फिकी रेघ, आणि दोन शिंगं बाहेर काढून ती सावकाश आमच्याकडे वळत होती.

"ही? ही भाजीबरोबर आलीय. न्या तशीच," दुकानदार म्हणाला. "काही करावं लागत नाही. पाला टाकायचा आणि विसरून जायचं."

"मी नाही विसरणार," माऊ म्हणाली. आणि मग मास्कमधून, अगदी हळू, बहुतेक त्या गोगलगायीलाच उद्देशून म्हणाली, "मला सगळे सांभाळतात. मला पण कोणालातरी सांभाळायचंय."

मी तातडीनं खोका मागितला.

डॉक्टरांना फोन करून विचारलं. ते बराच वेळ हसले आणि मग म्हणाले, चालेल, हात धुवा. पिल्लूनं वाटेतच तिचं नाव ठेवलं : घाई. त्यानं आधी कधी गोगलगाय पाहिली नव्हती, त्यामुळे त्यात विनोद आहे हे त्याला कळलंच नव्हतं. तिची शिंगं बोट लावलं की पटकन आत जातात म्हणून ती घाई.

आमच्या इमारतीचा नियम आहे की कुठलाही प्राणी पाळायचा तर सेक्रेटरींना आधी कळवायचं. मी म्हणालो, गोगलगाईचं काय कळवायचं? बायको तिच्या कचेरीच्या आवाजात म्हणाली, "नियम म्हणजे नियम." मी इंटरकॉम उचलला. नेमका त्याच वेळी खाली पाण्याचा पंप सुरू झाला होता आणि सेक्रेटरींचं घर पंपाच्या खोलीला लागून आहे.

"आम्ही एक गोगलगाय पाळतोय," मी सांगितलं.

"काय पाळताय?"

"गोगल... गाय! गाय!"

पंप घरघरला. मग सेक्रेटरींनी जपून विचारलं, "लहान आहे का?"

"अगदी लहान. पण वाढते म्हणतात."

"ठेवणार कुठे?"

"बैठकीत. टीव्हीशेजारी."

"आणि खायला?"

"पाला. भाजीवाल्याकडे उरतो तो आणीन."

"वर कशी आणली?" सेक्रेटरींचा आवाज आता बारीक झाला होता.

"लिफ्टनं. मांडीवर घेऊन बसलो असतो, पण लिफ्टमध्ये बसायला जागा कुठाय?" मी हलका विनोद केला. फोन बंद झाला. मला वाटलं, परवानगी मिळाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानात जायला निघालो, तर खालच्या फलकासमोर गर्दी. 'चौथ्या मजल्यावरील सभासदाने निवासी सदनिकेत गाय पाळल्याचे समजते. लिफ्ट केवळ माणसांसाठी आहे याची सर्वांनी नोंद घ्यावी.' आणि त्याखाली कोणीतरी पेन्सिलीनं लिहिलं होतं : 'गॉगल लावून.' ही पेन्सिल कोणाची ते मला ठाऊक आहे, पण तो माझ्याकडे दर वर्षी चष्मा करतो म्हणून मी गप्प आहे.

त्या दिवशी दुकानात मी एकाही गिऱ्हाइकाकडे नीट लक्ष देऊ शकलो नाही. एका बाईंना खालची ओळ वाचायला सांगितली, त्यांनी वाचली आणि मग डोळा मिचकावून विचारलं, "गायीला किती नंबर निघाला हो?" गेली कित्येक वर्षं मी या पेठेत ताठ मानेनं चालत होतो. त्या संध्याकाळी मी मागच्या गल्लीनं घरी आलो.

घरी काकू पातेलं घेऊन बसल्या होत्या. "पहिलं दूध आमच्याकडे," त्या म्हणाल्या. "शेजारधर्म म्हणून. पाणी घालू नका." मी त्यांना समजावलं. त्यांना पटलं नाही, त्यांना वाटलं मी दूध द्यायचं टाळतोय. इंजिनियर आपल्या छताला गेलेली जुनी भेग घेऊन आले, म्हणजे तिचा फोटो घेऊन आले. ही भेग कालपासून वाढली आहे असं त्यांचं म्हणणं होतं. आपल्या स्लॅबवर एका चौरस फुटाला किती वजन चालतं, गाय उभी राहते तेव्हा ते चार खुरांवर कसं वाटलं जातं आणि ती बसली तर काय होतं, हे त्यांनी मला चहा संपेपर्यंत सांगितलं.

इकडे घाईचा संसार आम्ही थाटून दिला होता, अगदी आमच्या घरच्या शिस्तीत. दुकानातून आलेली ओलसर माती बायकोनं त्याच दिवशी टाकून दिली, बुरशी येते म्हणून. काचेचा डबा उकळत्या पाण्यानं धुतला, कोरड्या फडक्यानं पुसला, खाली स्वच्छ कागद घातला. पाला धुऊन, टिपून, एकेक पान वाळवून मी स्वतः आत ठेवायचो. आणि घरातली सगळ्यात शुद्ध हवा कुठे, तर त्या ओलावा शोषणाऱ्या यंत्राशेजारी, म्हणून डबा तिथे ठेवला. आमच्या मुलांना जे जे मानवतं ते सगळं आम्ही तिला दिलं. माऊ शाळेतून आली की आधी हात धुवायची, मग डब्याशी बसायची आणि घाई काचेवरून वर चढताना तिचं पोट खालून बघायची. "हिला काहीच दिसत नसेल ना फारसं, बाबा? तू हिला चष्मा करशील?" असं विचारून ती स्वतःच हसायची. तिला इतकं हसताना मी पाहिलं नव्हतं. पूर्वी हसली की खोकला यायचा, म्हणून ती बेतानं हसायची.

मग घाई चढायची थांबली. शंखात गेली ती गेलीच.

नेमकी त्याच संध्याकाळी कमिटी पाहणीला आली. सेक्रेटरी, इंजिनियर आणि कमिटीत नसलेल्या काकू. सेक्रेटरींनी दारातच हवेचा वास घेतला, मग स्वयंपाकघरात डोकावले, मग बाल्कनीत. बाल्कनीत जागा नाही हे बघून त्यांच्या चेहऱ्यावरची काळजी आणखी वाढली.

"कुठे आहे?" त्यांनी विचारलं.

"घाई आत आहे," पिल्लू म्हणाला.

"घाई नाही रे बाळ आम्हाला. सावकाश बघू."

"घाई आहे. पण ती बाहेर येत नाही."

हे संभाषण असंच संध्याकाळभर चाललं असतं, पण माऊनं दोन्ही हातांनी डबा आणला आणि टेबलावर ठेवला. तिघंही वाकले. इंजिनियरांनी माझ्याकडून केलेला चष्मा वर सरकवला, तोच चष्मा ज्याबद्दल ते दर महिन्याला तक्रार करतात.

"हा शंख आहे," ते म्हणाले.

"गोगलगाय आहे," मी म्हणालो. प्रत्येक अक्षर वेगळं उच्चारलं. पंप बंद होता. सेक्रेटरींचा चेहरा आधी पडला, मग लाल झाला, मग त्यांनी तो पुन्हा सेक्रेटरीचा करून घेतला. आपण फसलो हे कबूल करणं पदाला शोभणारं नव्हतं.

"प्राणी कुठाय यात?" त्यांनी विचारलं.

"आत."

"मग बाहेर बोलवा. प्राणी असेल तर नियम लागू. नुसता शंख असेल तर ती शोभेची वस्तू, तिला परवानगी लागत नाही."

सगळे बसले. चहा झाला. सगळ्यांनी डब्याकडे बघून झालं. शंख हलला नाही. सेक्रेटरींनी घसा साफ करून जाहीर केलं की प्राणी स्वतः हजर होईपर्यंत प्रकरण प्रलंबित राहील. जाताना दारात काकूंनी आवाज खाली आणला. काकूंचा खाली आणलेला आवाज तळमजल्यापर्यंत जातो.

"अहो, मेली असेल ती. पोरीला सांगून टाका."

माऊ मागेच उभी होती. डबा उचलून घेऊन गेली.

मी दुकानातलं भिंग घरी आणलं आणि मुलं शाळेत गेल्यावर घाईला बघितलं. शंखाच्या तोंडावर पांढरट पापुद्रा धरला होता, कोरडा, कागदासारखा. हलवलं तर काही नाही, फुंकर मारली तर काही नाही. मी दृष्टितज्ज्ञ आहे, यातून जे दिसायचं ते मला दिसलं. बायकोला म्हणालो, "गेली."

"मग सांगायला हवं तिला," ती म्हणाली. पण या वेळी तिचा आवाज कचेरीतला नव्हता आणि तिनंही सांगितलं नाही. सांगायचं कसं? संध्याकाळी माऊ त्या डब्याशी पोटावर पडून शाळेचा धडा मोठ्यानं वाचत होती.

"माऊ, ती ऐकतेय का गं?" मी विचारलं.

"ऐकतेय. ती आत आहे बाबा. तिला बाहेरची हवा सोसत नसेल. मी पण धूळ असली की आतच राहते ना? मग तुम्ही सगळे दाराबाहेरून बोलता माझ्याशी."

ती एकेक गोष्ट अशी सरळ बोलते आणि मग दिवसभर माझं कशातच लक्ष लागत नाही. दुसऱ्या दिवशी मी दुकान लवकर बंद केलं आणि प्राण्यांच्या दुकानाच्या दाराशी जाऊन उभा राहिलो. मास्क लावायचं भानही राहिलं नाही. म्हटलं, तशीच दुसरी द्या. तपकिरी. फिकी रेघ असलेली. दुकानदारानं पाल्याची सगळी जुडी उलटीपालटी केली आणि एक काढली. रेघ जरा जाड होती, पण पोरीला कळणार नाही असं मी मनाशी ठरवलं. तिला ओल्या पानात गुंडाळलं, चष्म्याच्या डबीत घातलं आणि डबी शर्टाच्या खिशात ठेवली. डबी नीट मिटली नव्हती. लोकांच्या डब्या मी रोज मिटून देतो, स्वतःचीच राहिली.

बेत साधा होता. मुलं हात धुवायला गेली की अदलाबदल करायची आणि मग ओरडायचं, "अरे, घाई बाहेर आली!" या एका ओरडण्याचा सराव मी जिन्यात केला. वरून येणारे इंजिनियर ते ऐकून भिंतीला चिकटून उभे राहिले.

घरात शिरलो तर माऊच्या वाफेची वेळ होती. सकाळपासून तिचं नाक चोंदलं होतं. टेबलावर गरम पाण्याचं भांडं, डोक्यावरून मोठा टॉवेल, आणि टॉवेलाच्या तंबूतून तिचा घोगरा आवाज येत होता, धडा वाचल्यासारखा. बायको शेजारी बसली होती. तिनं मला बघून ओठांवर बोट ठेवलं.

"माऊ?"

"बाबा, ओरडू नको. आत ये."

मी टॉवेलाची कड उचलून डोकं आत घातलं. चष्म्यावर वाफ धरली, काही दिसेना. मी चष्मा काढला. भांड्यापासून जरा लांब, टॉवेलाच्या कडेशी, झाकण काढलेला घाईचा डबा होता. माऊनं तिला आपल्याबरोबर वाफेला बसवलं होतं. "तिचं पण नाक चोंदलं असेल म्हणून," ती कुजबुजली.

काचेवर पाण्याचे थेंब जमले होते. आणि शंखाच्या तोंडाशी तो पांढरा पापुद्रा एका कडेनं सुटला होता. आधी काहीतरी ओलं, राखाडी हललं. मग एक शिंग आलं. मग बऱ्याच वेळानं, अगदी विचार करून, दुसरं. आम्ही दोघं श्वास रोखून बसलो. वाफ घेताना श्वास रोखायचा नसतो हे मी तिला रोज बजावतो.

"तिला ओल हवी होती," माऊ म्हणाली. "आपण तिला माझं पथ्य दिलं, बाबा. तिचं वेगळं आहे."

ज्या घरात ओल शिरू नये म्हणून आम्ही जिवाचं रान केलं, त्या घरात ती बिचारी दार लावून बसली होती, आणि मी तिला मेलेली ठरवून मोकळा झालो होतो. मी माऊच्या ओल्या केसांवरून नुसता हात फिरवला.

इतक्यात टॉवेलाबाहेरून पिल्लूचा आवाज आला. "आई, बाबाच्या खिशातून घाई निघाली."

"घाई इथे आहे," माऊ आतून म्हणाली.

"नाही, बाबाच्या शर्टावर आहे. कॉलरपाशी गेली."

टॉवेल दूर झाला. माऊनं माझ्या कॉलरकडे बघितलं, मग खिशातून डोकावणाऱ्या उघड्या डबीकडे. जिन्यातल्या सरावात ह्या प्रसंगाची तयारी नव्हती.

"ही मैत्रीण आणली तिला," मी म्हणालो.

माऊनं त्या दुसरीला अलगद उचललं, रेघ निरखली आणि माझ्याकडे बघितलं. "तुला वाटलं ती मेली. म्हणून दुसरी आणलीस."

"हो."

"पण मी आत असते तेव्हा तू थांबतोस ना? दवाखान्यात पण थांबला होतास. खुर्चीत झोपून."

"थांबलो होतो."

"मग हिच्यासाठी पण थांबायचं," ती म्हणाली. रागावून नाही, समजावून. मी हो म्हणालो. शब्द दिला असं म्हणणार होतो, पण तो आता मला जपूनच वापरायचा आहे.

दुसरी पिल्लूकडे गेली, वेगळ्या डब्यात. तिचं नाव त्यानं 'दुसरी घाई' ठेवलं. डबे आता बाल्कनीत सावलीला असतात, ओल्या मातीत, यंत्रापासून लांब. यंत्राच्या ट्रेमधलं पाणी पिल्लू रोज त्यांच्यावर शिंपडतो. कमिटीपुढे प्राणी हजर झाला. सेक्रेटरींनी परवानगी दिली आणि फलकावरच्या 'गाय' या शब्दाआधी बारीक अक्षरात 'गोगल' लिहिलं. पेन्सिलवाल्यानं त्यापुढे एक चष्मा काढला. काकू अजून अधूनमधून पातेल्याकडे बघून उसासा सोडतात. इंजिनियरांची भेग आहे तिथेच आहे.

माऊनं शाळेत आपण होऊन हात वर केला म्हणे. "आमच्या घरी गोगलगाय पाळतात. तिला मीठ चालत नाही, ऊन चालत नाही, कोरडी हवा चालत नाही. तिचं पथ्य मी पाळते." या वेळी कोणी हसलं नाही. ज्याचा ससा वह्या खायचा तो मुलगा आता आमच्याकडे घाई बघायला येतो, कपडे बदलून.

काल संध्याकाळी मी बाल्कनीच्या दाराशी उभा होतो. माऊ मास्क लावून डब्यापाशी बसली होती आणि घाई पानाच्या कडेनं चालली होती. तेवढ्यात माऊला शिंक आली, मोठी, आणि मागून तिची सगळी भावंडं. घाईची दोन्ही शिंगं झटकन आत गेली, सगळी घाई आत गेली. मी औषधाचा पंप घेऊन धावलो. माऊनं मला हातानं थांबवलं, श्वास पुरा घेतला, आणि आधी डब्यावर वाकली.

"काही नाही गं," ती हळू म्हणाली. "घाबरू नको. ये तुला वाटेल तेव्हा. मी इथेच बसलेय."

तिला धाप लागली की तिची आई रात्ररात्र तिच्या उशाशी बसून हेच म्हणत असते, अगदी याच शब्दांत. मी पंप हातात धरून तिच्याशेजारी खाली बसलो. आम्ही दोघंही थांबलो.